पाणी सव्वापाचला येतं

नागपूरच्या हॉस्टेलमध्ये तीन वर्षं मला कुणी माझ्या नावानं हाक मारली नाही. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. मी 'वडसा' होतो. खोलीतले दुसरे दोघे 'पुसद' आणि 'तुमसर'. समोरच्या खोलीत एक 'काटोल' आणि दोन 'आर्वी'. दोन असल्यामुळे त्यांचे 'मोठा आर्वी' आणि 'बारका आर्वी' झाले. कॉलेजात हजेरी चालू असताना एक अनोळखी नाव ऐकून मी शेजारच्याला विचारलं, "हा कोण होय बे?" शेजारचा म्हणाला, "मीच." तो बारका आर्वी होता आणि दीड महिना आम्ही एकाच नळावर दात घासत होतो.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबा मला सोडायला आले. बी.एस्सी., भौतिक-रसायन-गणित. वडशाहून ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत एसटी चारेक तासांनी नागपूरच्या गणेशपेठ स्टँडला टेकते. नागभीडहून नागपूरला पूर्वी लहान रुळांची गाडी जायची. रूळ रुंद करायचे म्हणून ती २०१९ मध्ये बंद झाली, माझ्या वेळी एसटी हाच आधार होता. सामान तीन नग: पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि दहा किलो तांदळाची चुंगडी. मेस असताना तांदूळ कशाला, असं मी म्हटलं तर आई म्हणाली, "तिकडचे लोक पोळ्यावर राहतेत. तुले भात पुरनार नाही." तांदूळ एचएमटी होता. आमच्या एसटीच्या वाटेवरच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून हे वाण केलं आणि त्या काळी नावाजलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. मेसचा भात पहिल्यांदा ताटात पडला तेव्हा आईचं बोलणं पटलं. वाटीभर, जाड, आणि तोही चार पोळ्या झाल्यावर मागून घ्यायचा.

बाबांनी वॉर्डन सरांना दोनदा नमस्कार केला, खिडकी उघडून-लावून पाहिली, पंख्याचं बटण दाबून पाहिलं आणि तीनच्या गाडीनं परत निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "पेटीले कुलूप लावत जा बापू." अभ्यास कर, नाव काढ, असलं काही नाही. ऑटो वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. मग खोलीत येऊन आधी पेटीला कुलूप लावलं. किल्ली पेटीतच राहिली. कुलूप पुसदनं कुठून तरी हातोडी आणून फोडलं, आमची ओळख ती.

आता पाण्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं पाण्यावरच चालतं. आमच्या इमारतीत पाणी सव्वापाचला यायचं, खालच्या मजल्यावरच्या सहा नळांना. टाकी होती, मोटर होती, पण वरच्या मजल्यावर धार पोचेपर्यंत सात वाजायचे आणि आठला प्रॅक्टिकल. त्यामुळे रात्री अकरालाच रांग लागायची. माणसांची नाही, बादल्यांची. बादली रांगेत ठेवून झोपायचं, नळ फुसफुसला की उठून आपल्या बादलीजवळ उभं राहायचं. या रांगेचा कायदा कुठंही लिहिलेला नव्हता आणि नोटीस बोर्डावरच्या सगळ्या नियमांपेक्षा तो कडक होता. ज्याचा पेपर आहे त्याची बादली पुढं सरकवायची. तापानं पडलेल्याची शेजाऱ्यानं भरायची. बादली ठेवून जो सहापर्यंत उठलाच नाही, त्याची उचलून भिंतीला.

हे मला कुणी सांगितलं नाही. माझी नवी कोरी निळी बादली पहिल्याच सकाळी गेली आणि चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावर सापडली, आत कुणाची तरी जीन्स भिजत होती. पुसदनं लाल ऑइलपेंटनं तिच्यावर मोठ्या अक्षरात 'वडसा' लिहिलं. माझं नाव पक्कं झालं ते त्या दिवशी.

पहिले दोन महिने मी दर शनिवारी घरी पळायचो. शुक्रवारपासूनच मन उमरेड रोडला लागायचं. रविवारी रात्री परत, सोमवारी डोळे तारवटलेले, आठचं प्रॅक्टिकल बुडालेलं. तुमसर एकदा म्हणाला, "तू हॉस्टेलात राहून राहिला का एसटीत?" हसलो, पण पुढच्या शनिवारी पुन्हा स्टँडवर हजर.

हे थांबलं दसऱ्याला. १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा पूर येतो आणि ज्याचं पोरगं नागपुरात शिकतं त्याच्या गावचे लोक त्याच्या खोलीत उतरतात. तुमसरच्या गावचे अकरा जण आमच्या तीन खाटांच्या खोलीत आले. माझ्या खाटेवर त्याची आजी. आम्ही तिघं व्हरांड्यात चादर टाकून. रात्री आजीनं बादल्यांची रांग पाहिली, काय प्रकार आहे ते विचारून घेतलं आणि काही बोलली नाही. पहाटे उठून बघतो तर ती चार वाजल्यापासून नळाजवळ पाट टाकून बसलेली, आमच्या तिन्ही बादल्या सगळ्यांच्या पुढं. मोठा आर्वी, ज्याच्याशी कुणी वाद घालत नसे, तो मुकाट्यानं तिच्या मागं उभा. दुपारी ती दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलमधून फिरून आली आणि तिघांसाठी तीन सारख्या वह्या घेऊन आली. पाहुणे गेल्यावर खोली झाडताना मला वाटलं, आपल्याकडे पाहुणे आले होते. त्या शनिवारी मी गेलो नाही.

आजीनं दिलेल्या वहीत मी वेळापत्रक केलं. तीन रंगांचे पेन वापरले. पहाटे पाच ते सात गणित, सात ते साडेसात आंघोळ-चहा, संध्याकाळी पाच ते आठ अभ्यास, रात्री नऊ ते अकरा अभ्यास. चार दिवस टिकलं. मग दुसरं केलं, त्यात झोप कमी केली. ते दोन दिवस. तिसऱ्यात रविवार भरला. शेवटी पुसद म्हणाला की तू कसा वागणार ते लिहू नको, तू कसा वागला ते लिही. आठवडाभर लिहिलं. पाणी आणि आंघोळ, सव्वा तास. कपडे धुणं अर्धा तास, आणि वाळेपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवणं, कारण दोरीवरचा बनियन हा सार्वजनिक माल. मेसच्या रांगेत दोन्ही वेळचा मिळून पाऊण तास. 'जरा बसू' म्हणून दुसऱ्याच्या खोलीत टेकलो, याचे रोजचे दोन तास. फुटाळा तलावावर फिरायला गेलो, एक संध्याकाळ. सकाळी चौकात तर्री-पोहे, अर्धा तास, त्यातली वीस मिनिटं तर्री अजून टाक म्हणण्यात. माझ्या तिन्ही वेळापत्रकांत बादलीला जागा नव्हती. हॉस्टेलचं आपलं एक वेळापत्रक असतं, आणि आपलं वेळापत्रक त्याच्या फटींमध्ये बसवावं लागतं. हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मला वाटायचं, मीच आळशी.

त्यात एकांकिका आली.

वडशाचा मुलगा म्हटल्यावर नाटकात असणारच, असं एका सिनिअरला वाटलं. चूक त्याची नव्हती. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलाच्या मुलखात, मंडया म्हणजे जत्रा भरतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. हा हंगाम होळीपर्यंत चालतो आणि वडसा हे त्या धंद्याचं ठाणं. नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि पहाटे कोंबडा आरवल्यावर संपतं. मी लहानपणी आईच्या मांडीवर झोपून ती पाहिली होती. तेवढ्या भांडवलावर 'हो' म्हणालो. विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी कॉलेजची एकांकिका होती, मला म्हाताऱ्या पोस्टमनचं काम. पहिल्याच वाचनाला मी तोंड उघडलं आणि दिग्दर्शक सिनिअर कानावर हात ठेवून म्हणाला, "हळू बोल ना बे, हे मंडईतलं नाटक नाही." सगळे हसले. मीही हसलो. रात्री झोप आली नाही.

तालमी पाचला सुरू व्हायच्या आणि नऊ वाजून गेले तरी संपायच्या नाहीत. हॉस्टेलचं फाटक साडेनऊला बंद. सरांच्या सहीची चिठ्ठी, रजिस्टरमध्ये नोंद, चौकीदार काकांची मनधरणी, हे सगळं रोज. मेस नऊला संपायची, पुसद माझं ताट झाकून ठेवायचा. त्या ताटातल्या पोळ्या दुसऱ्या ताटानं दाबलेल्या असायच्या आणि वरणावर साय धरलेली. ते गार वरण-पोळी खाताना मी दिवसातला सगळ्यात आनंदी माणूस असायचो, हेही सांगितलं पाहिजे. दिवसभराचा थकवा, डोक्यात संवाद, आणि पुढं कुणीतरी राखून ठेवलेलं ताट. अभ्यासाचा विचार त्या वेळी मनात येत नसे. आला तरी मी त्याला उद्याचं सांगायचो.

आमचा नंबर आला नाही. परीक्षकांनी माझं नावही घेतलं नाही. पण सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या पुसदला माझं एकूणएक वाक्य ऐकू आलं आणि बाकीच्यांचं निम्मं, हे तो अजून सांगतो.

आणि पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये नापास झालो, बॅक लागला. कारणं शोधायला वेळ लागला नाही. प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड महिनाभर तुंबलं होतं, ते मी परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात चार रात्री जागून पूर्ण केलं, आणि ज्या रात्री गणिताच्या होत्या त्या टायट्रेशनच्या तक्त्यांत गेल्या. नाटकाला दोष देता आला असता. नाटकातल्या मुलीला, जी पहिल्या बाकावर बसायची, तिला चांगले मार्क होते. ती तालमीहून घरी जायची, जेवायची, बसायची. मी तालमीहून येऊन चार खोल्यांमध्ये नाटकाच्या गमती सांगत फिरायचो.

घरी फोन करायला दोन दिवस घेतले. बाबा जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेटीले कुलूप लावतं ना?" मी हो म्हणालो. "मंग झालं."

त्याच जानेवारीत, २०२३ ला, झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. गडचिरोली जिल्ह्यातले, आमच्याच मुलखातले. सकाळी पेपर मेसमध्ये फिरत होता. ज्या सिनिअरनं मला 'मंडईतलं नाटक' म्हटलं होतं, तो पेपर घेऊन आमच्या खोलीत आला आणि खाटेवर बसून विचारू लागला: मंडप किती मोठा असतो, पडदे कोण रंगवतं, एवढी रात्रभर माणसं बसतात कशी. मी दोन तास बोललो. माझा मामा एका कंपनीत पडदे ओढायचा, त्याचंही सांगितलं, जे तोवर मी लपवलं होतं. दोन तास गेले, हेही वहीत लिहिलं.

दुसऱ्या वर्षी मी मेस सेक्रेटरी झालो. मीटिंगला गेलो नव्हतो, म्हणून एकमतानं निवडून आलो.

आमची मेस ठेकेदाराची नव्हती, पोरांची होती. बाहेरच्यांना हे कोडं वाटतं, म्हणून नीट सांगतो. स्वयंपाकी महाराज आणि दोन मदतनीस पगारी. किराणा, भाजी, गॅस, दूध सगळं कमिटीनं आणायचं. एक माणूस एक दिवस जेवला की एक 'डायट'. महिन्याचा सगळा खर्च भागिले सगळ्यांचे मिळून डायट, जो आकडा येईल तो डायटचा भाव. गावाला जायचं तर दोन दिवस आधी वहीत 'कट' लिहायचा, न लिहिता गेलास तर जेवलास असं धरलं जाईल. सगळी भांडणं या 'कट'वरून. शनिवारी रात्री जेवून रविवारचा कट मागच्या तारखेनं लिहिणारे महाभाग मला तिथं कळले, आणि त्यात एक असा होता जो गांधीविचारांवर भाषणं द्यायचा.

आणि मी हातात वही घेतली तो महिना कोणता? जुलै २०२३. टमाटर शंभरीच्या वर गेले होते तो. देशभर बोंब होती. एकशेअठरा पोरांच्या वरणात टमाटर घालायचं म्हणजे डायटचा भाव माझ्याच मानगुटीवर. महाराजांनी चिंच काढली. पंधरा दिवस चिंचेवर काढले, आणि तिसऱ्या दिवसापासून पोरं मला 'ए चिंच' म्हणू लागली. 'वडसा' परवडला.

आठवड्यातून दोनदा, बुधवार-शनिवारी, पहाटे साडेचारला मी आणि पुसद कॉटन मार्केटला जायचो. जाताना ठरवलेला ऑटो, येताना त्यातच पाय ठेवायला जागा नाही इतकी भाजी. पहिल्या खेपेला मी भाव विचारला आणि सांगितलेला देऊन आलो. पुसदच्या घरी शेती, तो बाजारात विकणाऱ्याच्या बाजूनं उभा राहिलेला. त्यानं मला शिकवलं की आधी सगळा बाजार रिकाम्या हातानं फिरायचा, पानकोबी दाबून पाहायची, वांग्याचा देठ पाहायचा, फुलकोबी उलटी करून पाहायची. सांभार, म्हणजे कोथिंबीर, शेवटी घ्यायचा, नाहीतर ओझ्याखाली चेंदामेंदा. आणि ज्याच्याकडून आज आलू घेतले त्याच्याकडूनच पुढच्या वेळीही घ्यायचे, तिसऱ्या खेपेला तो स्वतःच म्हणतो, "हे चुंगडी नोको नेऊ भाऊ, आतून ओली आहे." असा एक भाजीवाला आम्हाला मिळाला. तो आम्हा दोघांना 'हॉस्टेल' म्हणायचा. "ये हॉस्टेल, बस."

माझा अभ्यास सुधारला तो इथं, आणि ठरवून नाही. दोन दिवस चारला उठायची सवय लागली, तर उरलेले पाच दिवसही डोळे चारला उघडायचे. खोलीत दिवा लावला तर तुमसर उशी फेकून मारायचा. म्हणून वही घेऊन मेसमध्ये जाऊन बसायला लागलो. महाराज चारलाच उठलेले असत. ते एका टोकाला परातीत कणीक तिंबायचे, मी दुसऱ्या टोकाला लांब बाकावर कॅल्क्युलस. कणकेचा धप-धप आवाज, स्टोव्हचा भुर्रर्र, आणि पाऊण ग्लास चहा. फोनला तिथं रेंज नव्हती. सव्वापाचला नळ फुसफुसला की वही बंद. बंद करावीच लागे, म्हणून त्या सव्वा तासात मी इकडेतिकडे बघायचो नाही. रोजचा सव्वा तास, एवढंच. महाराजांनी एकदा वहीतली आकृती निरखून विचारलं, "हे काय काढून राहिले?" मी म्हटलं, या वळणाखालचं क्षेत्रफळ काढायचं. ते म्हणाले, "मंग याचे बारके-बारके काप करून मोज ना." सरांनी हेच तीन तासिका समजावलं होतं.

रेकॉर्डही रुळावर आलं. प्रॅक्टिकल ज्या दिवशी, त्याच संध्याकाळी लिहायचं, कपडे वाळत असताना, दोरीखाली बसून. बनियनची राखणही होते. बॅक उन्हाळी परीक्षेत सुटला नव्हता, त्या हिवाळ्यात सुटला. मार्क सांगण्यासारखे नाहीत.

सप्टेंबरची गोष्ट मात्र वेगळी. हॉस्टेलचा गणपती बसला होता. २२ तारखेच्या रात्री पाऊस लागला तो असा की पत्र्यावर कुणी गिट्टी ओततंय. २३ ला शनिवार, माझा बाजाराचा दिवस. साडेचारला ऑटोवाल्याचा फोन: "नाही येत भाऊ, रस्ताच नाही राहिला." अंबाझरी तलाव भरून ओसंडला होता, नाग नदी घरांत शिरली होती. अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीचा खालचा भाग पाण्यात. मोरभवन बसस्थानकात उभ्या बस बुडाल्या. आमचं हॉस्टेल उंचावर, आम्हाला काही झालं नाही, फक्त त्या दिवशी सव्वापाचला नळाला पाणी आलं नाही. रिकाम्या बादल्या रांगेत आणि गावभर पाणीच पाणी.

दुपारी तुमसर आला. तो राष्ट्रीय सेवा योजनेत होता, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाला, लोकांच्या घरात चूल पेटायची सोय नाही. महाराजांनी मला विचारलंसुद्धा नाही, मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढवला. तांदूळ होता, डाळ होती, आलू होते. खिचडी. संध्याकाळपर्यंत तीन गंज गेले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वीस-पंचवीस जण फावडी, घमेली घेऊन घरांमधला गाळ काढत होतो. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात फ्रिज तरंगत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा अडकला होता, आत जाता येईना. काकू ओट्यावर बसून सारख्या म्हणत होत्या, "पोरांनो, चपला घाला रे, काच असेल." त्यांच्या घरातली पुस्तकं आम्ही गच्चीवर उन्हात पसरली. ती वाळली, पण मिटेनात, फुगून तशीच उघडी राहिली.

मंगळवारी इंटर्नल होती. दिली कशीतरी. खिचडीचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा यावरून मेसच्या मीटिंगमध्ये दीड तास वाद झाला. 'मला विचारलं होतं का' असं म्हणणारेही होते, आणि त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, पैसा त्यांच्या बापाच्याही घामाचा होता. शेवटी मतदान झालं आणि खर्च सगळ्यांत वाटला. तुमसरला सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्याचे त्या आठवड्यात बरेच भरले. माझे कुठं मोजले गेले नाहीत, म्हणून तो मला चिडवायचा: "फुकटचा हमाल." मी म्हणायचो, तुझ्या सात दिवसांच्या शिबिरात स्वयंपाकाला महाराज पाठवत नाही, मग बघ.

एका सेमिस्टरला एकच उचापत, असं मी नंतर ठरवलं. मेस असताना नाटक नाही. सिनिअर पास होऊन गेला होता, नवा दिग्दर्शक विचारायला आला, मी नाही म्हणालो. तिसऱ्या वर्षी मेस सोडली तेव्हा कुणी विचारायलाच आलं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, ती पाहायला जायचो, मागच्या रांगेत बसायचो, आणि संवाद ऐकू आले नाहीत की मनातल्या मनात मोठ्यानं म्हणायचो. हे नीट जमवता आलं असतं का? दुसरी कुणी जमवतात. ती पहिल्या बाकावरची मुलगी तिन्ही वर्षं नाटकात होती आणि तिन्ही वर्षं पहिल्या पाचात. मला तिच्याशी यावर बोलायचं होतं, पण तिला 'कसं जमवतेस' विचारणं म्हणजे तिच्या बादलीचा पत्ता विचारण्यासारखं. तिच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असणार.

तिसऱ्या वर्षाबद्दल फार नाही. उन्हाळ्यातली शेवटची परीक्षा, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस. खोलीत कूलरची परवानगी होती, विजेचे पैसे वेगळे भरून. तिघांत एक कूलर, म्हणजे त्यात पाणी ओतण्याची पाळी, म्हणजे अजून दोन बादल्या. दुपारी दुपट्टा ओला करून डोक्यावर घ्यायचा आणि वाचायचं. पान उलटलं तर तळव्याचा घाम पानावर. रात्री गाद्या घेऊन सगळं हॉस्टेल गच्चीवर. तिथं बारका आर्वी मला प्रश्न विचारायचा आणि मी आडवा पडून उत्तर द्यायचो. माझा आवाज मोठा, त्यामुळे आख्ख्या गच्चीची उजळणी व्हायची. दुरून कुणी तरी ओरडायचं, "वडसा, तो तिसरा मुद्दा परत सांग."

सगळं सुरळीत लिहितोय असं वाटेल, म्हणून एक राहिलेली गोष्ट. ऑगस्ट २०२३ च्या मेसच्या हिशोबात ३४० रुपये कमी आले होते. चिठ्ठ्या, बिलं, कटाची वही, सगळं तीनदा ताळून पाहिलं. पैसे नाहीत. मेसच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलं, 'वडसा, ३४० चं सावजी मटण कसं होतं?' दोन दिवस मी मेसमध्ये जेवलो नाही, तेही कट न लिहिता, म्हणजे पैसे गेलेच. पुसद म्हणाला, खिशातून भर आणि मोकळा हो. मी भरले नाहीत. भरले असते तर खाल्ले होते असं झालं असतं. वहीत लिहिलं, 'फरक रु. ३४०, कारण सापडले नाही', खाली सही केली, आणि ती वही पुढच्या सेक्रेटरीला तशीच दिली.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला पुसदचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. म्हणाला, "लिंबं! गणपतीच्या सरबताची लिंबं! आपण रोख घेतली होती, चिठ्ठी नव्हती."

मी म्हटलं, "गणपती सप्टेंबरात होता बे. हिशोब ऑगस्टचा."

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "थांब, ठेवू नको. आठवतो."